गालातला खडा

ब्रह्मदेशातल्या आमच्या मोगोकमध्ये चारचौघांत बोलता बोलता कुणी अचानक गप्प झालं, की म्हातारी माणसं अजून विचारतात, "काय गं, गालात काय आहे?" आताच्या पोरांना वाटतं, दाढ दुखते का म्हणून चौकशी चाललीय. त्यांचा काय दोष? ज्या ओढ्यात हे बोलणं रुजलं तो ओढा आता पाइपातून जातो, आणि त्यात उभ्या राहणाऱ्या बायका बहुतेक सगळ्या गेल्या. त्यांच्यातलीच एक माझी मावशी, दॉ सॉ यिन; आमच्यात पोक्त बाईला दॉ म्हणतात, तरुणपणी तीच मा. मला तिनेच वाढवलं, आणि मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवू शकले ते तिने पाण्यात पाय कुजवले म्हणून.

या बायकांना कनासे म्हणायचे. खाणीतून निघालेली रत्नांची वाळू मालकाची माणसं वर पन्हाळीत धुवायची, डोळ्यांत भरतील ते खडे वेचून घ्यायची आणि उरलेला गाळ पाण्याबरोबर उतारावरून सोडून द्यायची. गाळ पन्हाळीबाहेर पडला की मालकाचा हक्क संपला. पुढे तो बायकांचा. खाली ओढ्यात मांडीभर पाण्यात उभं राहून तोच गाळ टोपलीने पुन्हा चाळायचा, आणि हाती लागेल ते आपलं. कुठल्या राजाने की कुठल्या कंपनीने ही सवलत दिली यावर आमच्याकडे वाद घालणारे पुष्कळ आहेत, पण ती मोडायची हिंमत निदान माझ्या मावशीच्या तरुणपणी कुणा मालकाला झाली नव्हती.

आता खडा सापडला तर ठेवायचा कुठे? दोन्ही हात टोपलीला, लुंगीला खिसा नाही, आणि ओच्यात ठेवला तर पाणी घेऊन जाणार. म्हणून गालात. संध्याकाळपर्यंत खडा गालातच राहायचा. एरवी मावशीची जीभ पन्हाळीतल्या पाण्यासारखी अखंड वाहायची. कुणाच्या सुनेने भात करपवला, कुठल्या भिक्खूंना कुठली भाजी आवडत नाही, सगळं तिला ठाऊक. ती बोलायची थांबली की वरच्या अंगाच्या बायका खालच्या अंगाच्या बायकांना खुणावायच्या: सॉ यिनला लागला बरं का.

हे काम एकटीचं नव्हे. एकीने फावड्याने गाळ ओढायचा, दुसरीने टोपली फिरवायची, आणि मिळेल ते निम्मं निम्मं. अशा जोडीला 'एका गालाच्या बायका' म्हणायचे. मावशीच्या जोडीला होती तिन लाइंग. दोघी एका गल्लीत वाढल्या, एकाच विहारात अक्षरं गिरवली. तिन लाइंग उंच, मितभाषी, हसली तरी आवाज नाही. मावशी ठेंगणी आणि तोंडाळ. तिनने टोपली फिरवायची आणि मावशीने पारख करायची, कारण मावशीची नजर सगळ्या खोऱ्यात नावाजलेली होती. दलालसुद्धा पितळेच्या तबकात खडे मांडून तिला सहज म्हणून विचारायचे, "मा सॉ, यातला कुठला घेऊ?" आणि ती फुकटात सांगायची. तिला तेवढाच मान हवा असायचा.

तिची पारख एका गोष्टीवर होती. माणिक डोक्याकडून बघायचं. म्हणजे खडा लांबट असेल, पिंपासारखा असेल, तर त्याच्या टोकाला डोळा लावायचा आणि उजेड दुसऱ्या टोकाकडून येऊ द्यायचा. माणकाचा खरा लाल रंग त्या वाटेनेच दिसतो. आडवं धरलं की त्यात नारिंगी झाक येते आणि भाव पडतो. हे मोगोकमध्ये जन्मलेल्या पोराला चालायला येण्याआधी येतं. आमच्यात कुणाच्या हातात खडा द्या, तो आपोआप त्याचं डोकं स्वतःच्या डोळ्याकडे फिरवील. आम्हाला दुसऱ्या तऱ्हेने बघताच येत नाही.

त्या सकाळची हकीकत मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकली आहे, की मी तिथे होते असंच मला वाटतं. खरं तर तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. खाणी सरकारने ताब्यात घेण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. ओढ्याच्या पलीकडच्या काठाला आदल्या दिवशी ओढून ठेवलेला गाळ होता, तिथे तिन टोपली फिरवत होती, अलीकडे मावशी गाळ ओढत होती. तिनने टोपलीतून काहीतरी उचललं, दोन बोटांत धरलं आणि उन्हाकडे केलं. ती कधी ओरडायची नाही, पण त्या दिवशी ओरडली, "मा सॉ, लाल आहे गं." मावशीने मान वर केली. तिच्या मैत्रिणीच्या बोटांत चांगला करंगळीच्या पेराएवढा खडा होता आणि त्यातून लाल उजेड येत होता. मावशीने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. शेवटपर्यंत ती हे सांगत राहिली.

ओढा ओलांडायला दोर होता. दोर धरायला दोन्ही हात लागतात. तिनने खडा गालात टाकला, दोराला धरून अलीकडे आली, आणि खडा काढून मावशीच्या तळहातावर ठेवला. मावशीने त्याचं डोकं डोळ्याकडे फिरवलं. खडा तपकिरी होता. फिक्या चहासारखा.

"हा कुठला?" मावशी म्हणाली.

"कुठला म्हणजे? आत्ता सापडला तोच."

"तो लाल होता. मी बघितला."

"मीही बघितला. तोच आहे हा."

"तिन, आ कर."

एका गालाच्या बायकांमध्ये हे कधी म्हणायचं नसतं. परकीवर संशय आला तर चार जणी मिळून म्हणतील, पण आपल्या जोडीदारणीला नाही. आजूबाजूच्या टोपल्या थांबल्या. तिन लाइंगने सगळ्यांसमोर तोंड उघडलं. मावशीने तिच्या जबड्यात बोट घालून गालाच्या आत, जिभेखाली, सगळीकडे चाचपलं. काही नव्हतं.

"गिळलास," मावशी म्हणाली.

नाही म्हटलं तरी दाखवणार काय? तिनने टोपली पाण्यात सोडून दिली, ती वाहत गेली, आणि ती ओढ्यातून बाहेर पडली ती पुन्हा कधी त्या पाण्यात उतरली नाही. तिने उतरायचं म्हटलं असतं तरी बायकांनी शेजारी उभं राहू दिलं नसतं. सॉ यिनची नजर चुकते असं म्हणायची कुणाची छाती होती?

तपकिरी खडा मावशीने फेकून दिला नाही. बामच्या रिकाम्या डबीत घालून ठेवला, पुरावा म्हणून. आमच्याकडे पाहुणं आलं आणि बोलणं फिरत फिरत विश्वासावर आलं, की ती डबी निघायचीच. "हा बघा. लाल दाखवला आणि हा दिला." पाहुणा खडा घ्यायचा, डोक्याकडून बघायचा, मान हलवायचा. मी लहानपणापासून तो शंभरदा हातात घेतला असेल. मीही दर वेळी डोक्याकडूनच बघितला. मोगोकची ना मी.

तिन लाइंगने पुढे बाजाराच्या तोंडाशी मोहिंगाची, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवयांची, गाडी टाकली. मोगोकमधली सगळ्यात चांगली मोहिंगा तिची, हे मावशीची शपथ घेऊन सांगते. मावशी तिथे कधी गेली नाही, पण शाळेतून येताना माझ्या तोंडाला माशाच्या रश्श्याचा वास येतो हे तिला रोज कळायचं आणि ती रोज न कळल्यासारखं करायची. शाळेच्या वाटेवर ती गाडी लागायची. मावशी मात्र बाजाराला जाताना तळ्याला वळसा घालून लांबच्या वाटेने जायची. तिला गुडघेदुखी होती, तरी.

दॉ तिन माझ्या वाडग्यात दुधीची भजी दोन जास्त टाकायची आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायची.

"मावशीची नजर कशी आहे?"

"चांगली आहे की."

"अजून तशीच?"

"तशीच."

"बरं," ती म्हणायची आणि रस्सा ढवळायला लागायची. मला वाटायचं, कुजकं बोलतेय. तेव्हा मला सगळं जग कुजकंच वाटायचं.

दॉ तिनचं एक विचित्र होतं. तिला लुंगी घ्यायची असली की ती शेजारच्या भाजीवालीला घेऊन जायची. "ही निळीच आहे ना गं?" असं विचारून मग घ्यायची. हळदीची पूड घेताना विचारायची, पिवळी आहे ना? फुलांची माळ घेतानाही रंग विचारायची. लोक म्हणायचे, डोळे अधू झालेत बिचारीचे. पण तीच दॉ तिन रस्त्याच्या पलीकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाला ओळखून त्याच्या वाडग्यात मिरची कमी टाकायची. हे मी पाहिलं होतं आणि त्याचा काही अर्थ लावला नव्हता.

अशी चाळीसेक वर्षं गेली. खाणी सरकारी झाल्या, मग भागीदारीच्या झाल्या, मग यंत्रं आली आणि यंत्रांनी गाळात खडा उरू दिला नाही. मावशी थकली, मी शिक्षिका झाले. माझी एक विद्यार्थिनी होती, चो मार. हुशार, पण वर्गात खिडकीबाहेर बघायची खोड. ती यांगूनला जाऊन रत्नं तपासायच्या प्रयोगशाळेत लागली. दिव्यांच्या सणाला ती घरी आली की मला भेटायला यायची. त्या वर्षी आली तेव्हा मोगोकच्या बाजारात वेगळीच गडबड होती. दलाल एकाएकी तपकिरी खडे मागायला लागले होते. ज्या खड्यांनी पोरं गोट्या खेळायची, ते.

"पेनाइट म्हणतात त्याला," चो मार म्हणाली. "कितीतरी वर्षं सगळ्या जगात त्याचे दोन-तीनच खडे माहीत होते, आणि ते आपल्याच मोगोकचे. संग्रहालयात ठेवलेले. आता आपल्या डोंगरात आणखी सापडायला लागलेत."

मावशी पाटावर बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "तपकिरी दगडाचं कौतुक मला सांगू नकोस बाई. माझ्याकडे एक आहे, तोसुद्धा चोरीचा." आणि सवयीने डबी काढली.

चो मारने खडा घेतला. ती मोगोकचीच, पण यांगूनला तिला चिमट्याने खडा धरायला आणि सगळ्या बाजूंनी फिरवून बघायला शिकवलं होतं. तिने त्याला चिमट्यात आडवं पकडलं आणि खिडकीकडे केलं.

खडा लाल झाला.

तिने तो फिरवला, तपकिरी. पुन्हा आडवा, लाल. मावशीने लसूण खाली ठेवला, उठली, चिमटा तिच्या हातातून घेतला आणि स्वतः फिरवला. पुन्हा पुन्हा फिरवत राहिली, लाल आणि तपकिरी भराभर येत-जात होते.

"हे काय आहे?" ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

चो मारला त्या जुन्या भांडणातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाटलं, म्हातारीला शास्त्र समजून घ्यायचंय. तिने उत्साहाने चिंचोके मागितले आणि जमिनीवर मांडायला सुरुवात केली. माणकात असतं तसंच यातही ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन पुष्कळ, म्हणून वजनही माणकाएवढं आणि तो टोपलीत माणकांबरोबर तळाला राहतो. पण माणकात ते दोघे घट्ट बसतात. यात त्यांनी नुसता सांगाडा उभा केलाय आणि मध्ये सरळ उभे बोगदे सोडलेत, खडा लांब असतो त्या दिशेने.

"म्हणजे खाणच," मावशी म्हणाली.

"खाणच. काही बोगद्यांत कॅल्शियम राहतो. आणि काहींत एकावर एक, झिर्कोनियम, मग बोरॉन, मग झिर्कोनियम, मग बोरॉन. गंमत इथेच आहे, आजी. या दोघांचं एकमेकांशी जमत नाही. एक असतो तिथे दुसरा सहसा फिरकत नाही. दोघं एका घरात असे बांधलेले, हा दगड सोडून कुठे बघायला मिळत नाहीत. म्हणून तो इतका दुर्मीळ."

"आणि रंग?"

"उजेड बोगद्याच्या तोंडातून सरळ आला तर तपकिरी दिसतो. आडवा, भिंतींमधून आला, तर लाल. माणकाच्या बरोबर उलटं. माणकाला जिकडून बघायचं तिकडून याला बघितलं, तर फसलोच."

मावशीने खडा डबीत ठेवला आणि लसूण सोलायला बसली. चो मार जाईपर्यंत एक शब्द नाही. ती गेल्यावर मी म्हटलं, "मावशी." ती म्हणाली, "भात बघ, लागेल." त्या रात्री ती जेवली नाही.

मला तिची दया आली, पण रागही आला. आता काय करायचं ते स्पष्ट होतं, आणि बाई जागची हलत नव्हती. दोन दिवसांनी मी विषय काढलाच.

"जा आणि सांग तिला."

"ती पोरगी चुकली असेल तर? नुसता रंग फिरतो म्हणून काय तोच दगड ठरतो? इतरही दगडांचे फिरतात."

"कुठलाही दगड असो. रंग फिरतो ना? तेवढं पुरे आहे."

"मला पुरे नाही," मावशी म्हणाली. "आधी मी नजरेने सांगितलं. आता पुन्हा नजरेनेच सांगू? यंत्राला विचार म्हणावं."

मी म्हटलं, घाबरतेस. ती म्हणाली, हो. इतकं सरळ उत्तर आल्यावर मला पुढे भांडता येईना.

चो मार परत निघाली तेव्हा मावशीने डबी तिच्या हातात ठेवली. चाळीस वर्षांत ती डबी घराबाहेर गेली नव्हती. त्यानंतर यांगूनहून निरोप येईपर्यंत आमचं घर म्हणजे विहार झालं. मावशी बोलेना. शेजारच्या बायका कुंपणावरून विचारायच्या, "काय दॉ सॉ, गालात काय आहे?" ती हसायचीसुद्धा नाही. मी शाळेतून आले की तिच्याजवळ बसायचे. एकदा ती आपणहून म्हणाली, "तिचा जबडा गरम होता. मी बोट घातलं ना, तेव्हा. थंड पाण्यात उभी होती आणि तोंड इतकं गरम. रडू दाबून धरलं की होतं तसं. मला तेव्हाच कळायला हवं होतं." मी तिचा हात धरला. ते जुनं वाकडं बोट माझ्या हातात होतं.

पुढच्या पौर्णिमेला चो मार स्वतः डबी घेऊन आली. यंत्रातून किरण सोडून बघितला होता. पेनाइटच. ती सांगत होती, अमका दलाल भेटायला येईल, घाई करू नका, वगैरे. मावशीने ऐकलंही नाही. तिने विचारलं, "आडवा बघितला तर लाल, हे यंत्र म्हणालं?"

"म्हणालं, आजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मावशी नवी लुंगी नेसून, गालांना थनाखाच्या सालीचा लेप लावून दाराशी उभी. आमच्याकडची थंडी, समोरचं माणूस दिसू नये असं धुकं. "चल," असा हात केला. मी काय विचारेन त्याला मान हलवून उत्तर. मला वाटलं, तोंडात पान आहे. तळ्यापाशी ती वळशाच्या वाटेला न वळता सरळ गेली, थेट मोहिंगाच्या गाडीच्या दिशेने.

गाडीभोवती बुटक्या स्टुलांवर गिऱ्हाइकं बसली होती. त्यांतल्या वयस्कर दोघा-तिघांनी मावशीला बघितलं आणि चमचे खाली ठेवले. मावशी एका स्टुलावर बसली. दॉ तिन पातेल्यावर वाकलेली होती. तिने वर न बघता विचारलं, "भजी घालून देऊ की साधी?"

उत्तर येईना, म्हणून तिने मान वर केली.

मावशीने तिच्याकडे बघत तोंड उघडलं. चांगलं मोठं, आ करून, सगळ्या बाजाराला दिसेल असं. जिभेवर तो खडा होता.

मग दॉ तिन पुढे वाकली, मावशीच्या तोंडात नीट बघितलं आणि म्हणाली, "दोनच दात राहिलेत की गं. पान खाऊन खाऊन वाट लावलीस."

तिने तळहात पुढे केला. ओढ्यात करायची तसाच, पाण्यात पडू नये म्हणून खोलगट. मावशीने त्यात खडा टाकला. दॉ तिनने तो ओळखला. पदरासारख्या खांद्यावरच्या पंच्याला पुसला, आणि सवयीने डोक्याकडून डोळ्याला लावला. तपकिरी. तिचा चेहरा पडला. तिने खडा परत द्यायला हात पुढे केला.

मावशीने तिचं मनगट धरलं, बोटांतला खडा आडवा केला आणि हात उचलून पूर्वेकडे धरला. धुकं विरत होतं.

"तू असा धरला होतास," मावशी म्हणाली. "मी डोक्याकडून बघितला. बदलला नव्हतास. गिळला नव्हतास. दगडच असा आहे. माझं चुकलं, तिन. सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं."

दॉ तिन खडा फिरवत होती. लाल, तपकिरी, लाल. पातेलं उतू गेलं, रस्सा निखाऱ्यांवर सांडून चर्र झालं, भाजीवालीने धावत येऊन ते खाली उतरवलं. हिचं लक्ष नाही.

"कितीतरी दिवस," ती शेवटी म्हणाली, "मी रोज सकाळी झाडीत जायचे आणि माझीच घाण टोपलीने चाळायचे. कनासे ना मी, चाळायला येतं मला. म्हटलं, ही म्हणते गिळला, तिची नजर कधी चुकत नाही, तर गिळलाही असेन. दोर धरताना, नकळत." कुणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "नाही सापडला. मग वाटलं, लाल नव्हताच तो. मला हव्यास सुटला आणि तपकिरी लाल दिसला. म्हणजे माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. तेव्हापासून काही बघितलं की वाटतं, हे खरंच असंच आहे का?"

मावशीचे डोळे वाहत होते. थनाखा ओघळून हनुवटीला आला होता.

"म्हणजे माझे डोळे ठीक होते," दॉ तिन म्हणाली.

"ठीक होते. माझेच..."

"तुझं राहू दे. माझे ठीक होते ना?"

"हो गं."

त्यानंतर मावशी आणखी सहा पावसाळे जगली आणि रोज सकाळी तिथे जाऊन मोहिंगाला नावं ठेवत राहिली. मीठ जास्त, केळीचा गाभा जून, भजी मऊ. दलालही आले. दोघींचं किमतीवर कधी एकमत झालं नाही, कारण दोघींचं कशावरच एकमत होत नसे. खडा अजून आहे. कुणाकडे, ते मी इथे लिहिणार नाही.

मला आठवतो तो त्या सकाळनंतरच्या आठवड्यातला बाजारचा दिवस. दॉ तिन भाजीवालीला न सांगता एकटीच कापडाच्या दुकानात गेली आणि नवी लुंगी नेसूनच आली. लालभडक. म्हातारीने नेसू नये अशी. मावशीने स्टुलावरून तिला खालीवर न्याहाळलं.

"दुकानदाराने फसवलं तुला. केवढी लाल आहे."

"आहेच लाल," दॉ तिन म्हणाली आणि लुंगीचा घोळ सारखा करत पातेल्यापाशी बसली. "दिसतंय मला."